अंडं हवं तसं उकडण्यासाठी: पाणी, मिनिटं आणि सोलणं

पातेल्यात पाणी, पाण्यात अंडी, गॅस चालू, आणि दुसरी कामं उरकून आलं की गॅस बंद. बहुतेक घरांत अंडी अशीच उकडतात. अंडी शिजतात हे खरं, पण बलक कसा निघेल ते नशिबावर राहतं. कधी कोरडा भुरभुरीत, कधी मधे कच्चा, कधी कडेनं हिरवट. मग इंटरनेटवर वेळ शोधावी तर कुणी सहा मिनिटं सांगतं, कुणी दहा, कुणी बारा. हे तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. फ्रीजमधून काढलेलं ६० ग्रॅमचं अंडं आणि दुकानातून आणून ओट्यावर ठेवलेलं ५० ग्रॅमचं अंडं एकाच वेळात शिजणार नाही.

म्हणून नुसत्या मिनिटांना अर्थ नाही. अंडं किती गार होतं, किती वजनाचं होतं, मिनिटं कधीपासून मोजली आणि बाहेर काढल्यावर ते कसं थंड केलं, या चार गोष्टी सांभाळल्या की रोज सारखंच अंडं मिळतं.

आत काय घडतं

अंड्याचा पांढरा भाग म्हणजे सुमारे ९० टक्के पाणी आणि उरलेली बहुतेक प्रथिनं. ही प्रथिनं सगळी एकाच तापमानाला गोठत नाहीत. ६२ अंश सेल्सियसच्या आसपास पांढरा भाग दुधाळ होऊन थरथरीत जमायला लागतो. पण त्यात सर्वांत जास्त प्रमाणात असलेलं प्रथिन, ओव्हाल्ब्युमिन, ८० अंशांच्या जवळ गेल्याशिवाय घट्ट होत नाही. बलक त्याच्या आधीच तयार होतो: ६५ अंशांना दाटू लागतो आणि ७० पर्यंत वाहायचा थांबतो.

म्हणजे पांढऱ्याला उष्णता जास्त हवी आणि बलकाला कमी. उकळत्या पाण्यात उष्णता बाहेरून आत जाते, म्हणून पांढरा भाग आधी तापतो आणि बलक काही मिनिटं मागे राहतो. हाफ बॉईल अंडं त्या मधल्या वेळातच साधतं. ती वेळ टळली की दोन्ही भाग उकळत्या पाण्याच्या तापमानाकडे सरकत राहतात, प्रथिनं आवळून पाणी बाहेर टाकतात, पांढरा भाग रबरी होतो आणि बलक कोरडा पडतो.

दोन्ही भागांना आपापलं नेमकं तापमान देण्याचा मार्ग इटलीतल्या नेपल्सच्या संशोधकांनी २०२५ मध्ये मांडला. १०० अंशांच्या आणि ३० अंशांच्या पाण्यात दर दोन मिनिटांनी अंडं आलटून पालटून ठेवायचं, एकूण ३२ मिनिटं. कल्पना सुंदर आहे, पण सकाळच्या घाईत बत्तीस मिनिटं शेगडीपाशी कोण उभं राहणार? साध्या उकळत्या पाण्यात घड्याळ लावून उकडलेलं अंडं घरासाठी पुरेसं चांगलं होतं.

कोणती अंडी घ्यायची

खाण्यासाठी ताजं अंडं चांगलं, पण सोलण्यासाठी फार ताजं अंडं वाईट. नुकत्याच घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. त्यांतून तो हळूहळू निघून जातो आणि पांढऱ्या भागाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-क्षारता दाखवणारा आकडा) आठाच्या आसपासून नवाच्या वर चढतो. सामू कमी असताना पांढरा भाग आतल्या पापुद्र्याला घट्ट धरूनच गोठतो, आणि सोलताना कवचाबरोबर लचके निघतात. म्हणून रस्सा, बिर्याणी किंवा सॅलडसाठी सुबक सोललेली अंडी हवी असतील तर आठवडाभर जुनी वापरा. कोंबडीवाल्याकडून आजच आणलेली गावरान अंडी चमच्यानं खायच्या हाफ बॉईलसाठी ठेवा. तिथे सोलायचंच नसतं, आणि चवही ताज्याचीच चांगली.

वय ओळखायला एक खोलगट भांडं पाणी पुरतं. ताजं अंडं तळाशी आडवं पडतं. आठवडा-दोन आठवड्यांचं अंडं तळालाच राहतं, पण त्याचं जाड टोक वर उचललं जातं, कारण त्या टोकाकडची हवेची पोकळी वाढलेली असते. अगदी उभं राहिलं तर ते बरंच जुनं आहे, पूर्ण उकडूनच खावं. वर तरंगलं तर टाकून द्या. या परीक्षेनं फक्त वय कळतं, अंड्यात जंतू आहेत की नाहीत ते कळत नाही.

वजनाकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. आपल्याकडे किराणा दुकानातलं नेहमीचं पांढरं अंडं साधारण ५० ते ५५ ग्रॅम भरतं, गावरान ४० ते ४५. कवच पांढरं की तपकिरी हे कोंबडीच्या जातीवर ठरतं; त्यानं उकडण्याच्या वेळात काही फरक पडत नाही, वजनानं पडतो. स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा असेल तर ट्रेमधली चार-पाच अंडी एकदा तोलून पाहा. एकाच ट्रेमध्ये आठ-दहा ग्रॅमचा फरक निघू शकतो, आणि हाफ बॉईल करताना तेवढा फरक चांगलाच जाणवतो. एका वेळी पातेल्यात घालायची अंडी शक्यतो सारख्या आकाराची निवडा.

उकडण्याआधी प्रत्येक अंडं उजेडात फिरवून तडा पाहा. दोन अंडी एकमेकांवर अगदी हलकी टेकवून वाजवली तर चिरलेल्याचा आवाज बसका येतो. चिरलेलं अंडं उकडायला घेऊ नका. घरीच आत्ता चिरलं असेल तर लगेच भुर्जी करून पूर्ण शिजवा. दुकानातूनच चिरलेलं आलं असेल तर परत करा. विष्ठा लागलेली अंडी उकडायच्या अगदी आधी कोमट पाण्यानं धुवा. आणल्या आणल्या सगळा ट्रे धुवून ठेवू नका: कवचावर एक नैसर्गिक संरक्षक थर असतो, तो निघून गेला की छिद्रांतून जंतूंना आत जायला वाट मिळते.

भांडं आणि पाणी

अंडी एका थरात बसतील एवढ्या रुंद तळाचं, जरा जाड बुडाचं पातेलं घ्या. दर अंड्यामागे पाव लिटर पाणी धरा, म्हणजे सहा अंड्यांना दीड लिटर. पाणी अंड्यांच्या वर बोटभर तरी असलं पाहिजे. पाणी कमी पडलं की अंडी घालताच ते एकदम थंडावतं आणि पुन्हा उकळायला दोन-तीन मिनिटं घेतं. तुमच्या शेगडीची आच मोठी की लहान यावर ती मिनिटं बदलतात, आणि मग कुणीच सांगितलेली वेळ तुम्हाला लागू पडत नाही.

पाण्यात मीठ किंवा व्हिनेगर घालायचं का? लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ घातल्यानं उत्कलनबिंदू एक दशांश अंशही धड वाढत नाही, म्हणजे अंडं त्यानं लवकर शिजत नाही. तडाही थांबत नाही. पण अंडं फुटलंच तर बाहेर येणारा पांढरा भाग मीठ किंवा व्हिनेगरमुळे चटकन गोठून चिरेचं तोंड बंद करतो. तेवढ्यासाठी चमचाभर घालायला हरकत नाही. खाण्याचा सोडा सामू वाढवतो, त्यामुळे ताजी अंडी सोलायला थोडी मदत होते. पण जास्त झाला तर गंधकाचा वास वाढतो. अर्धा चमचा ही कमाल मर्यादा.

उकडायची कृती

१. अंडी फ्रीजमध्ये असतील तर अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा. वेळ नसेल तर तशीच वापरा, फक्त मिनिटं वाढवा. किती, ते पुढे दिलं आहे.

२. पाणी झाकण ठेवून खळखळ उकळवा. तळाला बारीक बुडबुडे दिसले म्हणजे उकळी नव्हे. पाण्याचा पृष्ठभाग सगळीकडून हलला पाहिजे.

३. आच जरा कमी करा आणि झाऱ्यावर एकेक अंडं घेऊन तळाला टेकेपर्यंत खाली न्या, मग झारा काढा. वरून सोडलेलं अंडं तळावर आपटून हमखास चिरतं. सगळी अंडी वीस-तीस सेकंदांत घालून झाली पाहिजेत. अंडी जास्त असतील तर वायरची जाळी किंवा पाण्यात बुडेल अशी चाळणी वापरून एकदम उतरवा.

४. शेवटचं अंडं आत गेलं की घड्याळ लावा. पाणी पुन्हा उकळेपर्यंत थांबू नका. मोबाईलचा टायमर लावा, अंदाजानं मोजू नका. हाफ बॉईलमध्ये अर्ध्या मिनिटानं बलक बदलतो.

५. उकळी परत आली की आच मध्यम करा. पाणी संथ उकळत राहिलं पाहिजे. फार जोरात उकळलं तर अंडी एकमेकांवर आणि पातेल्यावर आदळतात. आच फार मंद केली तर पाणी नव्वदीत उतरतं आणि वेळ चुकते.

६. अंडी कापून बलक मधोमध दिसायला हवा असेल तर पहिली दोन मिनिटं झाऱ्यानं अंडी हळूहळू फिरवत राहा. जुन्या अंड्याचा पांढरा भाग पातळ झालेला असतो, म्हणून बलक एका बाजूला सरकतो. तो गोठायच्या आत फिरवलं तर मधे राहतो.

७. वेळ संपताच अंडी काढून लगेच गार पाण्यात घाला. गॅस बंद करून तशीच गरम पाण्यात ठेवली तर ती शिजतच राहतात.

थंड पाण्यात अंडी घालून मग उकळी आणायची पद्धत जुनी आहे. पूर्ण उकडलेल्या अंड्यांना ती चालते, तडेही कमी जातात. पण दोन तोटे आहेत. पांढरा भाग सावकाश तापताना पापुद्र्याला चिकटून बसतो, म्हणून सोलायला त्रास. आणि पाणी उकळायला किती वेळ लागेल हे पातेलं, पाणी आणि शेगडी यांवर ठरत असल्यानं हाफ बॉईलची वेळ बसवता येत नाही. नवशिक्यानं उकळत्या पाण्याचीच पद्धत धरावी असं आमचं स्पष्ट मत आहे.

कोणत्या अंड्याला किती मिनिटं

पुढची वेळ ५० ते ५५ ग्रॅमच्या, घरातल्या तापमानाला म्हणजे २५ ते ३० अंशांना असलेल्या अंड्यासाठी, मुंबई किंवा किनारपट्टीवर, उकळत्या पाण्यात घातल्यापासून मोजलेली आहे.

साडेचार मिनिटं: पांढरा भाग जेमतेम जमलेला, बलक पूर्ण पातळ. सोलता येत नाही. वरचं टोक चमच्यानं उडवून, मीठ-मिरपूड घालून, टोस्टच्या कांड्या बुडवून खायचं.

साडेपाच मिनिटं: पांढरा भाग घट्ट, बलक पातळच पण दाटसर. हलक्या हातानं सोलता येतं.

साडेसहा मिनिटं: बलकाची कड जमलेली, मध्य मधासारखा दाट. नूडल्सच्या वाडग्यात, गरम भातावर किंवा टोस्टवर अर्धं कापून ठेवायला हेच उत्तम.

आठ मिनिटं: बलक जमलेला, पण मधे गडद आणि ओलसर. आमच्या मते नुसतं खायला सर्वांत चांगलं अंडं हे.

साडेनऊ मिनिटं: पूर्ण उकडलेलं. बलक फिकट पिवळा आणि सारखा शिजलेला, पांढरा भाग अजून मऊ.

बारा मिनिटांपुढे मिळवण्यासारखं काही नाही. पांढरा भाग चिवट होतो आणि बलकाभोवती हिरवट-करडी कड यायला लागते. पांढऱ्या भागातून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड वायू आणि बलकातलं लोह यांचा संयोग होऊन ती कड तयार होते. ती अपायकारक नाही, विष तर मुळीच नाही. फक्त जास्त उकडल्याची खूण.

पहिल्यांदा करताना हे आकडे आपल्या शेगडीवर तपासून घ्या. एकाच ट्रेमधली सारख्या वजनाची तीन अंडी एकदम घाला आणि एक साडेसहा, दुसरं आठ, तिसरं साडेनऊ मिनिटांनी काढा. गार करून मधून कापा आणि शेजारी ठेवून पाहा. आपल्याला आवडणारी वेळ कागदावर लिहून ओट्याजवळ चिकटवून ठेवली की पुढे विचार करावा लागत नाही.

वेळ कधी वाढवायची

अंडं थेट फ्रीजमधून काढलेलं असेल तर एक ते दीड मिनिट वाढवा: हाफ बॉईलला एक, पूर्ण उकडायला दीड. इंग्रजी पाककृतींतल्या वेळा आपल्याकडे बहुधा जास्त होतात त्याचं मुख्य कारण इथे आहे. अमेरिकेत अंडी धुवून विकतात आणि शीतपेटीतच ठेवतात, त्यामुळे तिथली पाककृती चार अंशांचं गार अंडं गृहीत धरते. शिवाय तिथलं ‘लार्ज’ अंडं सरासरी ५७ ग्रॅमचं. युरोपात ‘एम’ म्हणजे ५३ ते ६३ ग्रॅम आणि ‘एल’ म्हणजे ६३ ते ७३ ग्रॅम. जर्मनी किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी ‘एल’ अंडं घेतलं तर वरच्या वेळात दीड-दोन मिनिटं मिळवावीत. थंडीत घरातलंच तापमान १८ अंश असेल तर आणखी अर्धं. गावरान लहान अंड्याला उलट अर्धं ते पाऊण मिनिट कमी.

दुसरी गोष्ट उंचीची. दर तीनशे मीटर चढलं की पाणी साधारण एक अंश आधी उकळतं. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर, तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. मऊ अंड्याला वीस-पंचवीस सेकंद आणि पूर्ण उकडलेल्याला पाऊण मिनिट वाढवलं की झालं. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरांवर, पाणी साडेपंच्याण्णव अंशांनाच उकळतं. तिथे मऊ अंड्याला एक मिनिट आणि पूर्ण उकडायला दीड मिनिट जास्त. १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या माथ्यावर स्टोव्ह पेटवलात तर त्याहून थोडं अधिक, आणि वारा लागत असेल तर झाकण हवंच. लेहसारख्या साडेतीन हजार मीटरांवरच्या ठिकाणी दीडपटीहून जास्त वेळ धरा. आच कितीही वाढवली तरी उकळतं पाणी जास्त गरम होत नाही, फक्त गॅस जळतो.

बदकाचं अंडं ७० ग्रॅमच्या आसपास असतं. ते मऊ ठेवू नये, पूर्ण उकडावं: बारा मिनिटं. बटेराचं अंडं जेमतेम दहा ग्रॅमचं. अडीच मिनिटांत मऊ आणि चार मिनिटांत पूर्ण होतं.

गार करणं

हा टप्पा लोक गाळतात आणि मग वेळ बरोबर मोजूनही बलक जास्त शिजतो. बाहेर काढलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागात भरपूर उष्णता असते आणि ती आत जात राहते. साडेसहा मिनिटांचं अंडं ताटलीत तसंच ठेवलं तर थोड्याच वेळात मधला पातळ भाग जमून जातो.

मोठ्या वाडग्यात फ्रीजचं पाणी आणि बर्फाचा एक ट्रे घ्या. मऊ अंडी गरम खायची असतील तर त्यात एक मिनिट, पूर्ण उकडलेली पाच ते दहा मिनिटं ठेवा. बर्फ नसेल तर नळाचं पाणी तीनदा बदला. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी स्वतःच कोमट असतं, त्या दिवसांत माठातलं पाणी वापरा. गार होताना आतला भाग किंचित आकसतो आणि पापुद्र्यापासून सुटतो, म्हणून सोलायलाही सोपं जातं.

सोलणं

जाड टोक आधी ओट्यावर हलकं आपटा. हवेची पोकळी तिथेच असते, त्यामुळे बोट आत जायला जागा मिळते. मग अंडं आडवं करून तळव्याखाली हलक्या दाबानं गोल फिरवा, म्हणजे सगळ्या कवचाला बारीक तडे जातील. आता जाड टोकाकडून सुरुवात करा. इथे एक बारकावा आहे: नुसतं कवच काढायचं नाही, त्याखालचा पांढरा पातळ पापुद्रा नखानं पकडायचा. पापुद्रा हातात आला की कवच त्याला चिकटून पट्टीसारखं निघत जातं. पापुद्रा मागे राहिला तर कवचाचे तुकडे एकेक उचलावे लागतात आणि पांढरा भाग फाटतो.

चिकटलेलं अंडं वाडग्यातल्या पाण्यात बुडवून सोला. पाणी पापुद्र्याखाली शिरतं आणि त्याला सोडवतं. तरीही हट्टी असेल तर ओला छोटा चमचा, पाठ बाहेर ठेवून, पापुद्र्याखाली सरकवा आणि अंड्याभोवती फिरवा. साडेपाच-साडेसहा मिनिटांची मऊ अंडी मात्र तळव्याखाली फिरवू नका, आतला पातळ बलक दाबानं फुटतो. त्यांना चमच्याच्या पाठीनं सगळीकडून टिचक्या मारा आणि पाण्यातच सोला.

कच्ची आणि उकडलेली अंडी फ्रीजच्या दारात एकत्र झाली तर ओट्यावर गोल फिरवून ओळखता येतात. उकडलेलं अंडं भोवऱ्यागत स्थिर फिरतं. कच्चं डगमगतं, आणि बोटानं क्षणभर थांबवून सोडलं तर आतला द्रव फिरत असल्यानं पुन्हा थोडं वळतं.

वाफ, कुकर आणि अंडी उकडण्याचं यंत्र

वाफेवर अंडी फार चांगली होतात आणि पाणी कमी लागतं. मोदकपात्रात किंवा इडलीपात्रात तळाला दोन पेले पाणी उकळवा, चाळणीवर अंडी ठेवा, झाकण लावा. वेळा उकळत्या पाण्याच्याच, फार तर अर्धं मिनिट जास्त. अंडी पाण्यात हलत नाहीत म्हणून तडे कमी, आणि पंधरा-वीस अंडी एकदम करायची तर पाणी थंडावण्याचा प्रश्न नाही.

प्रेशर कुकरमध्ये बटाट्यांबरोबर अंडी घालायची सवय मोडावी. शिट्टी होईपर्यंत आत १२० अंशांच्या जवळ तापमान जातं. बटाटे शिजायला तीन शिट्ट्या लागतात, तेवढ्यात अंड्याचा पांढरा भाग रबर होतो आणि बलकाला हिरवी कड धरते. वाफ घाईनं सोडली तर कवच फुटून पांढरा भाग कुकरभर पसरतो तो वेगळाच. कुकरच वापरायचा तर शिट्टी काढून ठेवा आणि तो वाफेच्या पात्रासारखा वापरा.

विजेवर चालणाऱ्या अंडी उकडण्याच्या यंत्रात वेळ लावायची नसते, पाणी मोजून घालायचं असतं. पाणी आटलं की ते बंद होतं. मापाच्या पेल्यावर खुणा असतात, आणि नवख्याला एक गोष्ट उलटी वाटते: अंडी जास्त तर पाणी कमी घालायचं. अंड्यांवर वाफ थंडावून पाणी परत यंत्राच्या तळाच्या तापलेल्या तव्यावर पडत असतं, म्हणून असं. बोअरचं जड पाणी वापरलं तर तव्यावर क्षारांचा पांढरा थर साचून यंत्र लवकर बंद पडायला लागतं. चमचाभर व्हिनेगर पाण्यात मिसळून दहा मिनिटं ठेवलं की थर सुटतो.

मायक्रोवेव्हमध्ये कवचासकट अंडं कधीही ठेवू नका. आत वाफ कोंडून ते स्फोट झाल्यासारखं फुटतं. सोललेलं, आधी उकडलेलं अंडंसुद्धा त्यात गरम केलं तर बाहेर काढल्यावर, चावा घेताना फुटू शकतं आणि तोंड भाजतं. गार अंडं गरम करायचं तर उकळत्या पाण्यात, गॅस बंद करून, पाच मिनिटं ठेवा.

कशासाठी किती उकडायचं

अंड्याचा रस्सा करताना अंडी पुन्हा पाच-सात मिनिटं उकळत्या रश्शात जातात. म्हणून ती आठ मिनिटांवरच काढा, बलक रश्शात पुरा होतो. आधीच बारा मिनिटं उकडलेलं अंडं रश्शात घातलं की बलक खडूसारखा लागतो. बिर्याणीला दम द्यायचा असतो, तिथेही हाच नियम. रश्शाआधी हळद-तिखट लावून तेलात परतायची असतील तर अंड्याला सुरीनं तीन-चार उभ्या चिरा द्या आणि फडक्यानं कोरडं करा. न चिरलेल्या अंड्याच्या कातडीखाली वाफ कोंडते आणि तेल अंगावर उडतं. चिरांमधून मसालाही आत मुरतो.

डब्यात द्यायची अंडी साडेनऊ मिनिटांची हवीत, मऊ बलक डब्यात पाठवू नये. शक्य असेल तर कवचासकट द्या, मीठ-तिखट-चाट मसाल्याची पुडी वेगळी.

गरोदर स्त्रिया, लहान मुलं, वृद्ध आणि आजारी माणसं यांना हाफ बॉईल देऊ नका. साल्मोनेला हा जंतू कवचावर आणि क्वचित आतही असतो. बलक वाहता असतो तेव्हा त्याचं तापमान जंतू मरण्याइतकं गेलेलं नसतं. पांढरा आणि पिवळा दोन्ही भाग घट्ट झाले की चिंता नाही.

उकडलेली अंडी दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. उकडताना कवचावरचा संरक्षक थर निघून जातो, त्यामुळे उकडलेलं अंडं बाहेर ठेवलं तर कच्च्यापेक्षा लवकर नासतं. कवचासकट, झाकणाच्या डब्यात, ती आठवडाभर टिकतात. कवचावर पेन्सिलीनं तारीख लिहा. सोललेली अंडी ओल्या कागदी रुमालात गुंडाळून बंद डब्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा. डबा उघडल्यावर हलका गंधकाचा वास आला तर तो उकडलेल्या अंड्याचा नेहमीचाच असतो. पण अंडं हाताला बुळबुळीत लागलं तर चव घेऊन पाहू नका, टाकून द्या.